शेवटचा रकाना

एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, एक लांब टेबल, टेबलावर रबरी चटई आणि भिंतीला टांगलेले स्क्रूड्रायव्हर. दुकान अण्णांचं होतं. अण्णा आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही करू लागले आणि गावात कॉम्प्युटर आले तसे तेही शिकले. हातात आलेली वस्तू आधी पुसायची आणि मग उघडायची, ही त्यांची रेडिओपासूनची रीत होती.

त्यांच्याकडे आयटीआय झालेला एक मुलगा कामाला होता. हात चपळ, नजर तीक्ष्ण. काम सांगावं आणि मागे वळून बघावं तर झालेलं असायचं. फक्त पुसत बसणं त्याला आवडत नसे. पुसण्यात गेलेला वेळ त्याला वाया गेल्यासारखा वाटायचा.

एका सकाळी गावच्या वाचनालयाचे कार्यवाह बापू रिक्षातून एक कॅबिनेट घेऊन आले. बापू शेतकरी होते. बाजारच्या दिवशी गावात आले की आधी वाचनालयात डोकावायचे आणि मग मोंढ्यात जायचे.

"अण्णा, चालू होतोय पण डिस्प्ले येत नाही," बापू म्हणाले. "आणि यायचा तेव्हाही बैलगाडीसारखा चालायचा. नवा घ्यायला पैसे नाहीत. हाच जरा पळता करून द्या."

अण्णांनी कॅबिनेट फडक्याने पुसलं, दुकानाबाहेर नेऊन ब्लोअर मारला. आतून एवढी धूळ निघाली की शेजारच्या टपरीवाल्याने दुधावर झाकण ठेवलं. मग त्यांनी रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलला आणि सगळं परत जोडलं. डिस्प्ले आला.

कॉम्प्युटर २०११ साली घेतलेला होता. आत इंटेलचा पेंटियम जी६२० होता. दोन कोअर, २.६ गिगाहर्ट्झ. त्या वर्षी वाचनालयाच्या कामाला तो पुरून उरत होता. आता ताण वाढला होता. वाचनालयाने जुने दिवाळी अंक स्कॅन करायला घेतले होते आणि स्कॅन केलेल्या पानांतला मजकूर ओळखून तो शोधता येईल असा करायचा होता. शिवाय दुपारी गावातली पोरं परीक्षेचे फॉर्म भरायला याच कॉम्प्युटरवर बसायची.

"प्रोसेसर बदलू या," मुलगा लगेच म्हणाला.

"आधी दुखतंय कुठे ते बघू," अण्णा म्हणाले.

हळू चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये दर वेळी प्रोसेसरच दोषी नसतो. पुष्कळदा खोट असते ती जुन्या हार्ड डिस्कमध्ये किंवा अपुऱ्या रॅममध्ये. अण्णांनी दोन जीबीची रॅम काढून आठ जीबी घातली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. कॉम्प्युटर मिनिटाभरात उघडू लागला. मग त्यांनी बापूंकडून एका जुन्या अंकाची पानं मागवून घेतली आणि मजकूर ओळखायचं काम लावून दिलं. टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा आकडा शंभरावर गेला आणि तिथेच बसून राहिला. रॅम निम्मी रिकामी होती, डिस्क स्वस्थ होती. एकटा पेंटियम धापा टाकत होता.

"हां," अण्णा म्हणाले. "आता बदलायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी अण्णांना एका शाळेत कामाला जायचं होतं. ते गेले आणि मुलाने खण उघडला. खणात एका मोडलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेला आय-फाइव्ह ७५० पडून होता. नाव आय-फाइव्ह, कोअर चार. आकार अगदी पेंटियमएवढाच, ३७.५ मिलिमीटरचा चौकोन. मुलाला वाटलं, अण्णा येईपर्यंत काम संपवून दाखवू.

त्याने पंखा काढला, लोखंडी दांडी उचलली, पेंटियम बाहेर घेतला आणि आय-फाइव्ह सॉकेटवर ठेवला. तो नीट टेकेना. एक कड किंचित वर राहत होती. त्याने प्रोसेसर फिरवून पाहिला, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून पाहिला. तरी कड वरच. थोडं दाबलं तर बसेल असं वाटून त्याने अंगठा टेकवला.

तेवढ्यात चष्मा विसरला म्हणून अण्णा परत आले.

"थांब," ते दारातूनच म्हणाले.

मुलाने अंगठा उचलला. अण्णांनी प्रोसेसर दोन बोटांत कडेने धरून उचलला आणि भिंग मुलाच्या हातात दिलं. "सॉकेटमध्ये बघ."

भिंगाखाली बारीक सोनेरी तारांची रांगच्या रांग दिसली. एखाद्या शेतात एकाच दिशेला वाकलेली कोवळी रोपं असावीत तशा त्या तारा होत्या.

"त्या ११५५ आहेत," अण्णा म्हणाले. "हा प्रोसेसर ११५६ चा, २००९ सालचा. एका पिनेचा फरक. कडेच्या खाचा बघ, आणि सॉकेटमधले हे दोन उंचवटे बघ. जुळत नाहीत. हा प्रोसेसर इथे बसू नये म्हणूनच ते तसे केलेत. दांडी दाबायला जोर लागतो, तो लागू दे. प्रोसेसर ठेवताना मात्र त्याच्या स्वतःच्या वजनापलीकडे काही लागत नाही. अंगठ्याला जोर द्यावासा वाटला की समजायचं, वस्तू इथली नाही."

त्या तारांपैकी एकही वाकली नव्हती. पाच सेकंद उशीर झाला असता तर बोर्डच गेला असता.

संध्याकाळी बापू चौकशीला आले. मुलाला सकाळची चूक भरून काढायची होती. तो म्हणाला, "आय-सेव्हन २६०० टाकू या. ११५५ चाच आहे. आठ थ्रेड. त्या मालिकेतला भारी माल."

बापूंचे डोळे चमकले. "मग तोच टाका की. एकदाच काय तो खर्च होऊ दे."

अण्णांनी विचारलं, "बापू, तुमच्या विहिरीवर मोटार केवढ्याची?"

"पाचची."

"साडेसातची का नाही टाकली? पाणी लवकर ओढलं असतं."

बापू हसले. "विहिरीला तेवढा झरा पाहिजे ना. अर्ध्या तासात तळ लागेल. आणि वायर, स्टार्टर सगळंच बदलावं लागेल. नाहीतर वायर जळेल."

"ह्या बोर्डाचंही तेच आहे," अण्णा म्हणाले. "एच६१ चिपसेटचा हा लहान, स्वस्तातला बोर्ड. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग इथे मोजकेच आहेत आणि त्यांच्यावर उष्णता ओढून घेणारी पट्टीसुद्धा नाही. जी६२० हा ६५ वॅटचा. आय-सेव्हन २६०० आहे ९५ वॅटचा. बोर्ड बनवणाऱ्याने कोणते प्रोसेसर चालतील त्याची यादी दिलेली असते. ती काढ, आणि तिच्यात जो बसेल तो आण."

मुलाने यादी शोधून काढली, प्रिंट घेतली. आडव्या रकान्यांचं ते कोष्टक होतं. प्रोसेसरचं नाव, वेग, कॅश, वॅट, असं एकेक पुढे जात होतं. ९५ वॅटचे प्रोसेसर त्यात नव्हतेच. खाली बऱ्याच अंतरावर एक नाव त्याला सापडलं. आय-फाइव्ह ३४७०एस. २०१२ सालचा. चार कोअर, २.९ गिगाहर्ट्झ, ६५ वॅट. शेवटच्या 'एस'कडे त्याने मुद्दाम दोनदा पाहिलं, कारण तो नसलेला ३४७० हा ७७ वॅटचा होता आणि तो यादीत नव्हता. आपण आता नीट वाचायला शिकलो, असं त्याला वाटलं. नावावर पेनाने गोल करून त्याने कागद खिशात ठेवला.

आठवड्याने तो मुंबईला गेला. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं पालथी घातली. मोठ्या कचेऱ्यांतले जुने कॉम्प्युटर मोडीत निघाले की त्यातले प्रोसेसर अशा दुकानांत येतात. चौथ्या दुकानात त्याला तो मिळाला. प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत, खालचे सोनेरी ठिपके स्वच्छ, एकही ओरखडा नाही. डबी शर्टाच्या आत ठेवून रात्रीच्या गाडीने तो परतला.

सकाळी अण्णा देवळात गेले होते. मुलाने कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, हे तो कधी विसरत नसे. पेंटियम काढला. पंख्याखालची जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पंख्यावरून खरवडून टाकली. पेंटियमवरची तशीच राहू दिली, कारण पेंटियमचं आता काही काम नव्हतं. तो त्याने टेबलाखालच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. त्या डब्यात मेलेले प्रोसेसर जमत. डबा भरला की भंगारवाले चाचा घेऊन जात. प्रोसेसरच्या ठिपक्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, त्यामुळे त्यांना चार पैसे जास्त मिळतात.

चाचा त्याच सकाळी हातगाडी घेऊन आले. डबा भरला होता. मुलाने तो गाडीवर ओतला, पैसे घेतले, वहीत लिहिले.

नवा प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवला तर अलगद बसला. खाचा जुळल्या. दांडी लागली. मुलाने मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा पेस्टचा थेंब मधोमध टाकला, पंख्याचे चार खिळे समोरासमोरच्या जोडीने दाबले. टक, टक, टक, टक. वायर जोडली. बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. डिस्प्ले आला नाही.

त्याने रॅम काढून घातली, खोडरबर फिरवला, सेल काढून पाच मिनिटं थांबला, दुसरा मॉनिटर लावला. पंखा फिरत होता आणि पडदा काळा होता. त्याने प्रोसेसर काढला आणि भिंगातून सॉकेटमधली एकेक रांग पाहिली. तारा सरळ होत्या. त्याच्या कपाळावर घाम आला. बोर्ड गेला असावा, किंवा मुंबईच्या दुकानदाराने मेलेला माल गळ्यात मारला असावा. दुसरं काही त्याला सुचेना.

अण्णा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "ती यादी दे."

मुलाने घडी उलगडून कागद दिला. अण्णांनी गोल केलेल्या नावावर बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू उजवीकडे नेलं. वेग. कॅश. वॅट. बोट कागदाच्या अगदी कडेला जाऊन थांबलं.

"हा शेवटचा रकाना वाचलास?"

मुलगा वाकला. शेवटच्या रकान्यात एक आकडा होता. पेंटियम जी६२० समोर तिथे लहान आकडा होता आणि ३४७०एस समोर मोठा. त्याने ते आकडे पाहिले होते, पण वाचले नव्हते.

"तो बायोसचा आकडा," अण्णा म्हणाले. "कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यात आधी जागा होतो तो बायोस. बोर्डावरच्या ह्या एवढ्याशा चिपमध्ये असतो. समोर कोण आलंय ते तो बघतो आणि ओळखीचा असेल तर पुढचं काम सुरू करतो. ह्या बोर्डाचा बायोस २०११ चा आहे. हा प्रोसेसर जन्मला २०१२ मध्ये. बोर्डाने याला कधी पाहिलेलंच नाही."

"पण बसला ना, अण्णा! खाचा जुळल्या."

"बसणं वेगळं आणि ओळख पटणं वेगळं. ११५१ च्या सॉकेटची गोष्ट तर याहून पुढची. २०१५ च्या बोर्डावर ११५१ पिना आणि २०१७ च्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरलाही ११५१ च. खाचासुद्धा जुळतात. तरी त्यांचं एकमेकांशी जमत नाही. इथे निदान उपाय आहे. बायोसची नवी आवृत्ती बोर्डात भरायची, मग तो याला ओळखेल."

मुलाचा जीव भांड्यात पडला. "मग लगेच भरतो. पेनड्राइव्हवर घेतो."

"आणि भरणार कसा?" अण्णांनी विचारलं. "भरायचं काम करणारा प्रोग्रॅमसुद्धा प्रोसेसरवरच चालतो. नव्या प्रोसेसरला बोर्ड दारातच उभं करतोय, तो आतलं काम काय करणार? त्याला जुनाच पाहिजे. जुना कुठाय?"

मुलगा काही बोलला नाही. त्याने टेबलाखालच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं आणि तो दुकानातून पळत सुटला.

चाचांचं गोदाम नाक्यापलीकडे होतं. पत्र्याच्या छपराखाली रद्दी, बाटल्या, सायकलींच्या रिंगा. चाचा वजनकाट्याशी बसून चहा पीत होते. मुलाने धापा टाकत काय हवंय ते सांगितलं. चाचांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, एक पोतं ओढलं आणि गोणपाटावर रिकामं केलं.

"बघ बाबा. सकाळपासून चार दुकानांचा माल आलाय त्यात."

ढिगात कितीतरी प्रोसेसर होते. काहींच्या खाली ब्रशसारख्या पिना होत्या, ते मुलाने बाजूला सारले. सपाट ठिपक्यांचे उरले. ते त्याने एकेक उलटवले. बहुतेकांच्या धातूच्या पाठीवरची अक्षरं स्वच्छ दिसत होती आणि त्यांत त्याचा नव्हता. काहींच्या पाठीवर वाळलेली पांढरी पेस्ट होती, अक्षरं तिच्याखाली बुजली होती. त्यातलाच एक त्याचा होता, कारण त्याने तो पुसला नव्हता.

तो गोणपाटावर मांडी घालून बसला आणि शर्टाच्या टोकाने एकेक पुसू लागला. पुसायचा, उन्हाकडे तिरका धरायचा, वाचायचा, बाजूला ठेवायचा. घाई करून चालणार नव्हतं, ठिपक्यांना ओरखडा गेला की संपलं. अर्धा तास गेला. सातव्या का आठव्या प्रोसेसरवरची पेस्ट निघाली आणि खालून अक्षरं वर आली. पेंटियम. त्याखाली जी६२०. त्याखाली २.६० गिगाहर्ट्झ.

मुलाने खिशातून सकाळचे पैसे काढले. चाचांनी ते घेतले नाहीत.

"इतकी वर्षं माल आणतोय," ते म्हणाले, "टाकलेला माल परत न्यायला आजपर्यंत कोणी आलं नव्हतं. जा घेऊन."

तो दुकानात आला तेव्हा बापू येऊन बसले होते. अण्णांनी पेंटियम हातात घेतला, खालच्या ठिपक्यांवरून मऊ कापड फिरवलं आणि मुलाच्या हातात दिला. "तूच बसव."

मुलाने तो बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मुलाला त्या क्षणी जुन्या पेंटियमविषयी जे वाटलं ते त्याला सांगता आलं नसतं.

"आता भरू?" त्याने विचारलं.

"यूपीएस पूर्ण चार्ज होऊ दे. बायोस भरताना मध्येच वीज गेली तर बोर्ड अर्धवट शहाणा होतो. जुनं पुसलेलं आणि नवं आलेलं नाही. मग तो कोणालाच ओळखत नाही."

तासभर थांबायचं होतं. चहा आला. बापू बोलू लागले. वाचनालयात बदल चालले होते. ग्रंथपाल नाना बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर महिनाअखेरीस मोकळे होणार होते. त्यांच्या जागी ग्रंथालयाचा कोर्स केलेली एक मुलगी एक तारखेपासून येणार होती. अकरा हजार पुस्तकांची यादी ती कॉम्प्युटरवर चढवणार होती.

"म्हणजे एकतीसला नाना बंद, एकला ताई सुरू," बापू म्हणाले. "पगार एकाचाच निघतो अण्णा, वाचनालय आपलं 'क' वर्गाचं. दोघांना कुठून द्यायचा?"

अण्णा काही बोलले नाहीत. यूपीएसचा दिवा हिरवा झाला होता.

मुलाने पेनड्राइव्ह लावला, फाइल निवडली, होय म्हटलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. तिघंही तिच्याकडे बघत बसले. मुलाचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याने ते तसेच ठेवले. पट्टी भरली, कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि पडद्यावर बायोसचा नवा आकडा आला. शेवटच्या रकान्यातला.

मग पेंटियम निघाला आणि आय-फाइव्ह बसला. पेस्ट, चार खिळे, वायर, बटण. डिस्प्ले आला आणि त्यावर त्याचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. जुन्या अंकाची तीच पानं पुन्हा लावली. प्रोसेसरने ती सहज उचलली.

बापू बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ह्या नव्याची ओळख त्या जुन्यानंच करून द्यायची होती?"

"दुसरं कोण करून देणार, बापू?" अण्णा म्हणाले. "बोर्डाच्या ओळखीचा तो एकटाच होता."

बापू उठले. त्या दिवशी ते मोंढ्यात गेलेच नाहीत, सरळ वाचनालयात गेले. नाना टेबलाशी बसून दाखलनोंद वहीला नवं कव्हर घालत होते. बापूंनी वही ओढून घेतली आणि एक पान उघडलं. अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत. शेवटचा रकाना 'शेरा'चा. त्या रकान्यात नानांच्या बारीक अक्षरात कुठे 'मा', कुठे 'पो', कुठे लाल शाईची नुसती टिंबं.

"हे काय हो नाना?"

"'मा' म्हणजे माडीवर. एका पावसाळ्यात छत गळलं तेव्हा तीन कपाटं वर हलवली, ती खाली आलीच नाहीत. 'पो' म्हणजे पोथी, ती उभी ठेवायची नाही. दोन टिंबं म्हणजे दुसरी प्रत शाळेला दिली आहे, जूनमध्ये मागून घ्यायची."

"हे कुठे लिहून ठेवलंय?"

"लिहून कशाला? मला माहीत आहे ना," नाना म्हणाले.

मंडळाची बैठक भरली. तीन महिन्यांचं मानधन काढायचं ठरलं. थोडं देणगीतून निघालं, थोडं बापूंनी स्वतःचं घातलं. एक तारखेला ताई आली तेव्हा नाना तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. ती एकेक ओळ कॉम्प्युटरवर चढवायची आणि ओळीच्या शेवटी थांबून त्यांच्याकडे बघायची. नाना सांगायचे, ती लिहायची. पहिल्या आठवड्यात काम रांगत होतं. दुसऱ्या महिन्यात ताई न विचारताच 'माडी' लिहू लागली, आणि नाना खुर्ची जरा मागे सरकवून वर्तमानपत्र वाचू लागले.

नवं माणूस असो, नवी वस्तू असो, ते आणताना आपण त्याची ताकद विचारतो, किंमत विचारतो, ते जागेत मावेल का तेही बघतो. ज्या जागी ते जाणार तिला मात्र क्वचितच विचारतो की हे तुला झेपेल का आणि तू याला ओळखशील का. ती ओळख ज्याच्याकडून व्हायची, त्याला तर आपण बहुतेक वेळा आधीच दाराबाहेर काढलेलं असतं. मुलाला भंगाराच्या ढिगात त्याचा पेंटियम सापडला. असा तो दर वेळी सापडत नाही.

तीन महिने संपले त्या दिवशी नानांनी वाचनालयाची डेडस्टॉक वही मागून घेतली. अण्णांच्या दुकानातल्या मुलाने पुसून, डबीत घालून आणून दिलेली वस्तू त्यांनी टेबलावर ठेवली आणि नव्या ओळीत लिहिलं: प्रोसेसर, जुना, १ नग. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी पूर्ण अक्षरात लिहिलं: चालू स्थितीत, कपाट क्रमांक २, वरचा खण. खाली सही केली आणि वही ताईच्या हातात दिली.